कोहमाऱ्याची दिंडी

साकोली मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. नोव्हेंबरच्या अखेरीला त्या बहुतेक कापून झालेल्या असतात. कुठे कडपा अजून मातीवर पसरलेल्या, कुठे पुंजणी रचून झालेली, मधूनच एखादं मळणीयंत्र भुसा उडवत उभं. मागच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवरून पांढरी वाफ उठत होती. गाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईने खिडकी किंचित उघडली आणि तो ओल्या तणसाचा वास आत आला. पहाटे नागपूरहून निघताना संविधान चौकातल्या दिव्यांखाली आजच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमाचा मांडव पाहिला होता. आता साडेआठच्या सुमारास एसटी कोहमाऱ्याला टेकली.

कोहमाऱ्याला उतरणारा माणूस बहुधा दुसरीकडे जायला उतरतो. सुरतेकडून नागपूर, रायपूर करत पूर्वेला जाणारा महामार्ग इथून जातो. पूर्वी त्याला सगळे सहा नंबरचा रोड म्हणायचे, आता त्याचा नंबर त्रेपन्न. एक फाटा गोरेगावावरून गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत वडशाला. सडक अर्जुनी हे तालुक्याचं गाव लागूनच. मीही यापूर्वी दोनदा इथे उतरले होते, दोन्ही वेळा नवेगावच्या तलावावरचे पक्षी पाहायला. गावाकडे मी मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

या वेळी बोलावणं गावाचंच होतं. माझ्या मैत्रिणीचे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. ते फोनवर म्हणाले होते, "नवेगावचे पक्षी कुठं जात नाहीत. तुम्ही सव्वीस तारखेला या. त्या दिवशी आमची पोथी निघते."

पोथी हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. आमच्या घरी आजोबांची ज्ञानेश्वरी लाल फडक्यात बांधलेली असे. चातुर्मासात ती सुटायची, पारायण व्हायचं, पुन्हा बांधली जायची. तिच्यावर गंध, अक्षता, फूल. आम्हा मुलांना तिला हात लावायची मुभा नव्हती आणि अर्थ विचारायची सवय नव्हती. पुढे मी वीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. संविधानाची उद्देशिका फळ्यावर लिहून दिली, मुलांनी ती पाठ केली, चार मार्कांना उत्तरं लिहिली. अलीकडे जागोजागी त्या पुस्तकाला हार घातलेले दिसू लागले, लग्नात वधूवर त्याची शपथ घेऊ लागले, लोक एकमेकांना 'जय संविधान' म्हणू लागले. माझ्या मनात आनंद होता आणि एक भीतीही होती. हे पुस्तकही निळ्या फडक्यात बांधलं जाईल का? पूजा वाढेल तसं वाचन कमी होईल का? ही भीती घेऊनच मी कोहमाऱ्याला उतरले होते.

चौफुलीवर वडशाच्या नाटक कंपन्यांची रंगीत पत्रकं चिकटवलेली होती. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. त्यांच्या शेजारी पांढऱ्या कागदावर निळ्या शाईने हाताने लिहिलेलं होतं: संविधान दिंडी, सकाळी नऊ वाजता, विहारापासून.

दिंडी पाहिली आणि मी थांबूनच राहिले. पुढे शाळेची मुलं लेझीम घेऊन. मागे पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, दोन-दोनच्या रांगेत. तिरंगा, पंचशील ध्वज, निळा झेंडा. मधोमध चौघांच्या खांद्यावर एक वेताची पालखी, झेंडूच्या माळा सोडलेल्या, आणि पालखीत ते जाडजूड पुस्तक. मराठी माणसाला आदर दाखवायचा झाला की त्याचे पाय आपोआप दिंडीच्या चालीवर पडतात. संतांच्या पादुका पालखीतून जातात, साहित्य संमेलनाची सुरुवात ग्रंथदिंडीने होते. या लोकांनी नवा देव आणला नव्हता, नवी आरतीही रचली नव्हती. चालत आलेली पालखी घेतली आणि तिच्यात कायद्याचं पुस्तक ठेवलं.

मला आणखी एक गोष्ट दिसली. पालखीचा खांदा बदलत होता आणि बदलताना कोण कुणाचं हे कुणी पाहत नव्हतं. सुरुवातीला बौद्ध पोरं होती. ग्रामपंचायतीपाशी एक पोवार शेतकरी पुढे झाला, नंतर एक गोवारी मुलगा, मग दोन बाया. बायांनी खांदा दिला तेव्हा लेझीम एकदम जोरात वाजली. याच भागात चार पिढ्यांमागे काही घरांतल्या माणसांच्या सावलीचा विटाळ होत होता. त्या घरांतल्या पोरांनी पोथी खांद्यावर घ्यावी आणि गावाने वाट द्यावी, हे दृश्य माझ्या आजोबांच्या लाल फडक्याला ठाऊक नव्हतं.

बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी दिंडी थांबली. पुतळा विदर्भातल्या गावोगावी असतो तसाच, निळा कोट, एक हात पुढे रोखलेला, दुसऱ्या हाताच्या बगलेत पुस्तक. आपल्याकडे देवांच्या हातात शस्त्रं असतात, राजांच्या हातात तलवार असते. पुस्तक घेऊन उभा असलेला असा पुरुष एवढ्या गावांत दुसरा कुणी नाही.

सातवीतल्या एका मुलीने उद्देशिका म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी तिच्यामागून म्हटली. 'सार्वभौम' नीट उमटलं, 'धर्मनिरपेक्ष'पाशी लहान मुलं अडखळली, 'प्रतिष्ठा' म्हणताना एका म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. महाराष्ट्रातल्या शाळांना हे वाचन आता सवयीचं आहे. याची एक वाट नागपुरातून निघालेली आहे. २००५ साली तिथल्या जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले ई. झेड. खोब्रागडे यांनी 'संविधान ओळख' हा उपक्रम शाळांतून सुरू केला. देशपातळीवर संविधान दिन जाहीर झाला तो २०१५ मध्ये. म्हणजे दिल्लीहून हुकूम येण्याच्या दहा वर्षं आधी विदर्भातली मुलं हे शब्द म्हणत होती.

उद्देशिकेच्या शेवटी आपण हे संविधान स्वतःलाच अर्पण करतो. मी तो भाग शेकडो वेळा शिकवला असेन, पण गावाच्या तोंडून एकसुरात ऐकताना अंगावर काटा आला. अर्पण हा देवळातला शब्द. फूल अर्पण करायचं, नैवेद्य अर्पण करायचा, आणि घेणारा वर बसलेला असतो. इथे देणारा तोच, घेणाराही तोच.

हे सहज झालेलं नाही. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. कामत सभेत गेले होते ते मध्य प्रांत व वऱ्हाडातून, आणि हा कोहमाऱ्याचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतात होता. देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका, असं पूर्णिमा बॅनर्जींनी कळवळून सांगितलं. कामत हटले नाहीत, मतदान झालं. बाजूने ४१, विरुद्ध ६८. त्या सभागृहातली बहुतेक माणसं घरी देवपूजा करणारी होती. तरीही त्यांनी देवाचं नाव पहिल्या ओळीत घातलं नाही, कारण तिथे ते घातलं की कुणाचा देव हा प्रश्न दुसऱ्या ओळीत उभा राहिला असता. जगातल्या कुठल्याही देवळाचा पाया इतक्या मोकळेपणी, हात मोजून घातला गेल्याचं मला माहीत नाही.

राज्याभोवती जमणाऱ्या अशा श्रद्धेसाठी रूसोने १७६२ साली नागरी धर्म हा शब्द वापरला. १९६७ मध्ये रॉबर्ट बेला या समाजशास्त्रज्ञाने तो अमेरिकेला लावून दाखवला. वॉशिंग्टनला राष्ट्रीय अभिलेखागाराच्या घुमटाखाली त्यांच्या राज्यघटनेची मूळ पानं ठेवलेली आहेत, लोक रांगेने जाऊन दर्शन घेतात. आपली मूळ प्रत, प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या सुरेख हस्ताक्षरातली, नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी सजवलेली, संसदेच्या ग्रंथालयात बंद काचेच्या पेटीत जपलेली आहे. मी ती पाहिलेली नाही. पण कोहमाऱ्याच्या पालखीतली प्रत जवळून पाहिली. तिची पाठ सुटली होती, चिकटपट्टीने जोडली होती, आणि कडेला बोटांचे काळे डाग होते. फार हाताळलेल्या पुस्तकालाच असे डाग पडतात.

दुपारी गुरुजींच्या पडवीत जेवलो. हातसडीच्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, तलावातले झिंगे. जेवताना त्यांनी १९५४ ची गोष्ट काढली. मला वाटलं होतं तीच.

तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला १ मे १९९९ ला. हे सगळं भंडारा. १९५४ मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. १९५२ ला ते मुंबईत हरले होते. भंडाऱ्यात दोन जागा होत्या, मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. बाबासाहेब हरले.

"मी दहा वर्षांचा होतो," गुरुजी म्हणाले. "बाप धानाच्या बांधीवरून तसाच मातीच्या पायानं मत टाकायला गेला. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी रहायची. पेटीवर निशाणी. परत आला तेव्हा माझ्या मायले सांगत होता, पेटीले हात लावून आलो म्हणून. आणि निकाल लागला त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात चूल पेटली नाही."

मी काही वेळ बोलू शकले नाही. मग विचारलं, राग नाही आला? घटना लिहिणाऱ्या माणसालाच लोकांनी पाडलं याचा?

"आला ना. बापाले फार आला." त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं. "पण बाबासाहेब स्वतः काही बोलले का, की मी लिहिलेल्या कायद्यात मीच हरलो, तर हा कायदाच खोटा? पेटी जे बोलली ते मानलं. माझा बाप मला शाळेत हेच शिकायला पाठवत होता असं मला आता वाटते."

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून येत नाही. ज्याच्या हातात पुस्तक दाखवून गावोगावी पुतळे उभे राहिले, तो माणूस याच मातीत, आपणच घडवलेल्या मतपेटीपुढे हरला. मूर्तिपूजेच्या माझ्या भीतीला इथे पहिलं उत्तर मिळालं. हरलेला देव कुणी पूजत नाही. इथल्या लोकांनी तो पराभव लपवला नाही, नातवंडांना सांगितला, आणि तरी पालखी काढली. म्हणजे पूजा माणसाच्या विजयाची नव्हती.

बाबासाहेबांना स्वतःला भक्तीची धास्ती होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावलं की धर्मात भक्ती मुक्तीची वाट असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. १९५३ मध्ये राज्यसभेत ते इतके उद्विग्न झाले की ही घटना जाळणारा पहिला मी असेन असं बोलून गेले. मार्च १९५५ मध्ये त्याचं कारण विचारलं गेलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला त्यांच्या सगळ्या भाषणांत जास्त जिव्हारी लागतं. आपण देव बसवायला देऊळ बांधलं, आणि देव यायच्या आधी सैतानाने ते बळकावलं, तर देऊळ पाडण्याशिवाय काय उरतं, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. राज्यघटनेला देवळाची उपमा शिल्पकारानेच दिली आहे, पण गाभारा रिकामा असू शकतो हे सांगण्यासाठी. आपण हार घालताना ही उपमा अर्धीच लक्षात ठेवतो.

मी गुरुजींना परभणीबद्दल विचारलं. १० डिसेंबर २०२४ ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, धरपकड. आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेला एक तरुण मृत्यू पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. एका प्रतिकृतीसाठी इतकं? असं शहरातल्या काही लोकांनी मला विचारलं होतं. ज्यांच्या कपाटात हक्कांची वीस कागदपत्रं आहेत त्यांना ते कळणार नाही. ज्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या एकही कागद नव्हता, त्यांचा पहिला कागद हे पुस्तक आहे.

गुरुजी म्हणाले, "त्या आठवड्यात आम्ही विहारात पोरांना बसवलं आणि कलम बावीस वाचलं. अटक केलेल्याला कारण सांगावं लागते. वकिलाशी बोलू द्यावं लागते. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागते. पोरं खवळली होती. म्हटलं, आधी हे पाठ करा."

उन्हं कलल्यावर त्यांचा मुलगा मला मोटारसायकलवरून जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गोंडांच्या टोलीवर घेऊन गेला. येनाची झाडं, खाली वाळकी पानं, हवेत गारवा. इथे पालखी नव्हती, पुतळाही नव्हता. मोठ्या मोहाखाली ग्रामसभा बसली होती. विषय तेंदूपानांचा होता, पुढल्या मे महिन्यात तोडणी कशी करायची, दर कसा ठरवायचा. एका बाईने घरातून पत्र्याची पेटी आणली. तिच्यात प्लास्टिकच्या पिशवीत सामूहिक वनहक्काचा कागद आणि हाताने रंगवलेला नकाशा होता. तिने तो जमिनीवर उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

गोंदिया जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांत नाही. शेजारच्या गडचिरोलीत आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, इथे तो लागू होत नाही. इथल्या गोंडांच्या हातात आहे तो २००६ चा वनहक्क कायदा, ज्याच्या प्रस्तावनेतच सरकारने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये या कायद्याखाली आपलं जंगल मिळवलं तेव्हा त्याची बातमी या टोल्यांपर्यंत पायी आली, असं मला तिथे सांगण्यात आलं. झारखंडात खुंटीकडे २०१७-१८ मध्ये मुंडा लोकांनी घटनेतली कलमं दगडांवर कोरून गावाच्या वेशीवर उभी केली. पूर्वजांसाठी दगड उभारायची त्यांची जुनी रीत. पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाने पालखी घेतली, मुंडा माणसाने दगड घेतला. दोघांनीही आपल्याजवळचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पवित्र ते या नव्या मजकुराला दिलं.

नकाशावर बोट फिरवत ती बाई म्हणाली, "हे पाय बाई, या नाल्यापासून त्या टेकडीपर्यंत. आधी फॉरेस्टवाला आला का आमी पळत होतो. आता तो आला का आमी त्याले बसा म्हणतो." कुणी हसलं नाही. ती साधी माहिती देत होती. नकाशाला हळद-कुंकू कुठेच नव्हतं, पण घडी घालताना तिने तो कपाळाला लावला.

परत आलो तेव्हा दिवे लागले होते. महामार्गावर ट्रकांची रांग, ढाब्यावर तंदूरचा धूर, सकाळच्या लेझीमवाल्या दोन मुली सायकलवर डबल सीट. गुरुजींच्या अंगणात शेजारची एक बाई येऊन बसली होती. नवऱ्याने टाकलं होतं, पोटगीचा दावा करायचा होता, आणि कुणीतरी तिला वकिलाच्या फीचा मोठा आकडा सांगितला होता. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

गुरुजींनी खोलीतल्या लोखंडी पेटीतून पालखीतलंच पुस्तक काढलं. त्या पेटीत सातबारा होता, जातीचा दाखला होता, धान विक्रीच्या पावत्या होत्या, आणि वरच ते पुस्तक. चष्मा लावला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. सकाळच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या पानांत अडकल्या होत्या. त्या फरशीवर पडत राहिल्या.

"हे पाय. कलम एकोणचाळीस-अ. विनामूल्य विधी साहाय्य. त्याच्यावरून १९८७ चा कायदा झाला. बाई असली की तिचं उत्पन्न कोणी विचारत नाही, वकील मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज द्यायचा."

"पन अर्जाले किती लागते जी?"

"काही नाही लागत."

तिला ते खरं वाटलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गुरुजींनी नातवाच्या वहीतला कागद फाडला, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि लिहायला लागले. पहिल्या ओळीत तिचं पूर्ण नाव, मग वय, मग गाव: कोहमारा.